प्रीकॉन घेताना बेरीज कशाची करायची?

प्रश्न (सारांश) : पत्रलेखक तीन मित्रांबरोबर ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळतात, तेही कमांडर या प्रकारात, म्हणजे ‘कमांडर’ नावाच्या एका मुख्य कार्डाभोवती बांधलेल्या शंभर कार्डांच्या गड्डीने (डेकने). बरेच महिने ते मित्राच्या उसन्या डेकवर खेळत आहेत. आता स्वतःसाठी एक तयार डेक, म्हणजे प्रीकॉन, घ्यायचा त्यांचा विचार आहे आणि निवड दोन डेकवर येऊन अडली आहे. दोन्ही डेकमधल्या शंभर-शंभर कार्डांचे सुटे भाव शोधून त्यांनी बेरीज केली. पहिल्या डेकची बेरीज त्याच्या किमतीच्या दीडपटीहून जास्त भरते, दुसऱ्याची जेमतेम किमतीइतकी. मन मात्र दुसऱ्याकडे ओढतं. गटातला एक मित्र म्हणतो, ‘प्रीकॉन म्हणजे पैसे पाण्यात, सिंगल्स (सुटी कार्डं) घे.’ दुसरा म्हणतो, ‘पहिल्याचे दोन खोके घे. एक खेळ, एक सील न फोडता ठेवून दे, भाव वाढेल.’ गेल्या वर्षी अशीच बेरीज पाहून घेतलेला एक डेक दोन डाव खेळून कपाटात पडला आहे. ‘या वेळी तरी फसायचं नाही. डेकची खरी किंमत ठरवायची कशी?’ असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात भावांबद्दल पानभर मजकूर आहे आणि खेळण्याबद्दल एकच वाक्य. मित्राचा ग्रेव्हयार्डवर, म्हणजे वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगावर, चालणारा डेक हातात आला की डाव कधी संपला ते कळत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. तुमच्या यादीतला दुसरा डेकही ग्रेव्हयार्डवरच चालतो. मला तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच दिसलं. पण उरलेलं निम्मंही महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही केलेला हिशेब अनेक जण करतात आणि तो नेमका कुठे घसरतो हे कुणी सांगत नाही.

बेरीज करण्यात काहीच गैर नाही. कष्टाचे पैसे खर्च करताना माणसाने हिशेब करावाच. फक्त ती बेरीज कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते नीट पाहा. ‘ही शंभर कार्डं आज एकेक करून विकत आणायची झाली तर किती लागतील?’ एवढंच ती सांगते. तुम्हाला ती शंभर कार्डं एकेक करून आणायची होती का? नव्हती. मग विकायची आहेत का? तीही नाहीत. म्हणजे जो व्यवहार तुम्ही करणारच नाही, त्याचा नफा तुम्ही डेकच्या खात्यावर जमा धरला आहे.

बरं, विकायचं ठरवलं असं धरून चालू. पहिल्या डेकची किंमत १०० धरा आणि सुट्या कार्डांची बेरीज १६०. अशा डेकमध्ये भाव सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, वरच्या मोजक्या कार्डांत साचलेला असतो. समजा वरच्या पाच कार्डांचे मिळून ७०, त्याखालच्या पंधरांचे ४५ आणि उरलेल्या ऐंशींचे ४५. आता ही कार्डं दुकानदाराकडे न्या. तो त्याच्या खरेदीच्या यादीप्रमाणे भाव देणार. वरच्या पाचांना साठ टक्के दिले तरी ४२ झाले. पंधरांना निम्मे धरले तर साधारण २२. उरलेल्या ऐंशींमध्ये बेसिक लँड, म्हणजे मॅना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती) देणारी साधी कार्डं, आहेत, प्रत्येक प्रीकॉनमध्ये येणारी कार्डं आहेत. ती बल्कमध्ये, म्हणजे ढिगाच्या भावाने जातात. त्यांचे दोन-तीन आले तरी पुष्कळ. हातात पडले ६६-६७. कागदावर १६० आणि खिशात ६७! स्वतः ग्राहक शोधून एकेक कार्ड विकलंत तर थोडे जास्त येतील, पण त्यात पाकिटं, टपाल, संकेतस्थळाचं कमिशन आणि तुमच्या कितीतरी संध्याकाळी जातील.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या शीटमध्ये कोणता भाव आहे? विक्रीसाठी लावलेला की प्रत्यक्ष व्यवहारांची सरासरी? कुणी एखादं कार्ड कितीलाही विकायला लावू शकतो. ते त्या भावाने गेलं का, हा वेगळा प्रश्न. शिवाय डेक बाजारात यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांतले भाव सगळ्यात फुगलेले असतात, कारण तेव्हा कार्ड कुणाकडेच नसतं आणि चर्चा सगळीकडे असते. डेक आला की त्या एकाच कार्डाच्या असंख्य प्रती एकदम बाजारात उतरतात. जुन्या महाग कार्डाचं रीप्रिंट, म्हणजे पुन्हा छपाई, असेल तर ज्या भावामुळे ते तुमच्या बेरजेत चमकतं, तो भाव या डेकमुळेच खाली येतो. म्हणून बेरीज करायचीच असेल तर डेक आल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्या आणि मग करा. बहुतेक वेळा त्या वेळेपर्यंत डेक मिळत असतोच.

आता तुम्ही म्हणाल, अपवाद असतातच की. असतात, आणि त्यांच्याच गोष्टी मित्रमंडळी रंगवून सांगतात. त्यातल्या दोन मी पूर्ण सांगते, कारण त्या सहसा अर्ध्याच सांगितल्या जातात.

कमांडरचे पहिले पाच प्रीकॉन २०११ मध्ये आले. २०१३ च्या पाच डेकमध्ये ‘माइंड सीझ’ नावाचा एक होता आणि त्यात ‘ट्रू-नेम नेमेसिस’ हे नवं कार्ड होतं. हा प्राणी मैदानात येताना तुम्ही एक खेळाडू निवडायचा आणि त्या खेळाडूपासून प्राण्याला संरक्षण मिळायचं. चौघांच्या डावात ही शक्ती मर्यादित राहते, कारण उरलेले दोघे त्याला मारू शकतात. पण लेगसीसारख्या दोघांच्या स्पर्धेत समोर असतोच एक जण. तिथे ते कार्ड जवळजवळ अस्पर्श ठरलं. लेगसी खेळणाऱ्यांनी त्या एका कार्डासाठी अख्खे डेक उचलले. ‘माइंड सीझ’ मिळेनासा झाला आणि त्याच्याबरोबर आलेले बाकीचे डेक दुकानांतून पडून राहिले. किंमत वाढली ती डेकची नव्हे, एका कार्डाची. उरलेल्या नव्व्याण्णव कार्डांचं काय करायचं, हा प्रश्न घेणाऱ्यांपुढे तसाच राहिला.

दुसरं उदाहरण तुमच्या ‘सील ठेवून दे’ म्हणणाऱ्या मित्राला जरूर ऐकवा. २०१९ च्या ‘मिस्टिक इंटलेक्ट’ या डेकमध्ये ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ आलं. दोन मॅनाचा गॉब्लिन, आणि प्रतिस्पर्ध्यांकडे जितके आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट (वस्तू आणि मंत्रांची कार्डं) तितके ट्रेझर, म्हणजे एकदा मॅना देणारे टोकन, तुम्हाला. चौघांच्या टेबलावर ही संख्या भराभर वाढते, म्हणून ते कमांडरमधल्या सर्वांत जोरदार कार्डांपैकी एक ठरलं आणि त्याचा भाव मूळ डेकच्याही वर गेला. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पुढे २०२२ मध्ये ‘डबल मास्टर्स’मध्ये त्याचं रीप्रिंट झालं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मॅना क्रिप्ट’ आणि ‘ज्युएल्ड लोटस’ या कार्डांबरोबर त्याच्यावर कमांडरमध्ये बंदी आली. भाव कोसळला. ज्याने वेळेवर विकलं त्याला पैसे मिळाले. ज्याने ‘अजून वाढेल’ म्हणून धरून ठेवलं त्याच्या हाती आता असं कार्ड आहे की ज्या खेळासाठी ते छापलं गेलं, त्याच खेळात ते चालत नाही.

सील न फोडलेला खोका ठेवण्याबद्दल म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे : नको. पुन्हा न छापण्याचं वचन कंपनीने ज्या कार्डांसाठी दिलं, ती ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ १९९६ ची आहे आणि तिच्यातली कार्डं त्या दशकातलीच आहेत. तुमच्या डेकमधलं कोणतंही नवं कार्ड त्या यादीत नाही, म्हणजे ते उद्या पुन्हा छापलं जाऊ शकतं. २०११ मध्ये वर्षात पाच डेक आले होते. २०२० पासून बहुतेक मोठ्या सेटबरोबर कमांडर डेक येतात. त्या गर्दीत कोणता खोका दुर्मीळ होणार, हे आधी ओळखणं फार थोड्यांना जमतं. त्यात दमट हवेत फॉइल कार्डं वाकतात, खोक्याचे कोपरे दबतात, जागा अडते. बचत करायची असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा आहे आणि ती खेळाच्या पैशांत मिसळू नये. दोन खोक्यांचा बेत सोडलात की अर्धे पैसे आजच वाचले.

आता तुमच्या ‘फसायचं नाही’ या शब्दांकडे येते. गेल्या वर्षीच्या डेकमुळे तुमच्या मनात सल राहिला आहे आणि तो मला समजतो. पण तेव्हा झालं काय ते नीट आठवून पाहा. बेरीज तर तेव्हाही चांगली होती! दुकानदाराने लपवलं नाही, कंपनीने खोक्यात कमी कार्डं घातली नाहीत. डेक कपाटात गेला तो खेळायला आवडला नाही म्हणून. म्हणजे ज्या मोजपट्टीने मागचा डेक उत्तम ठरला होता तीच मोजपट्टी तुम्ही या वेळी आणखी काटेकोर करून वापरता आहात. नुकसान कशात झालं हे तुमच्याच अनुभवाने दाखवलं आहे. न खेळलेला डेक हा सर्वांत महाग डेक, मग त्याची बेरीज काहीही येवो.

मग मोजायचं कसं? मी सुचवते ती पद्धत अशी. दोन्ही डेकच्या याद्या छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक कार्ड वाचा, नुसतं नाव नव्हे, पूर्ण मजकूर. जी कार्डं हा डेक नसतानाही तुम्ही येत्या काही महिन्यांत विकत घेणारच होता, त्यांच्यापुढे एक खूण करा. जी मुद्दाम घेतली नसती पण या डेकमध्ये आनंदाने खेळाल, त्यांच्यापुढे दुसरी. जी पहिल्याच दिवशी काढून टाकाल किंवा जी तुमच्याकडे आधीच आहेत, त्यांच्यापुढे तिसरी.

पहिल्या खुणेच्या कार्डांचे भाव पूर्ण धरा. हे तुमचे खरोखर वाचलेले पैसे. दुसऱ्या खुणेची फक्त संख्या मोजा, भाव नको. तिसऱ्या खुणेचं कार्ड कितीही महाग असो, तुमच्यासाठी त्याची किंमत शून्य. इथे मन कचरेल, ‘पण हे तर सगळ्यात महागडं कार्ड आहे’ असं वाटेल. तरी शून्यच लिहा. तुम्हीच कळवलं आहे की पहिल्या डेकमधल्या महागड्या पाचांपैकी तीन कार्डं तुमच्या गटात कुणालाच खेळायची नसतात. ती तीन खोडलीत की दीडपटीचा डोलारा किती उरतो ते पाहा. ‘सोल रिंग’चंही तसंच. एका मॅनात येऊन दर वेळी दोन मॅना देणारं हे कार्ड २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कमांडर प्रीकॉनमध्ये असतं. आयुष्यातला पहिलाच डेक घेणाऱ्याला ती मोठी भेट आहे. तुमच्याकडे कपाटातल्या डेकमध्ये ती आधीच आहे, मग नव्या डेकमधलीचा भाव पुन्हा धरू नका.

माझा ढोबळ निकष : पहिल्या खुणेची बेरीज डेकच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास असेल, आणि बेसिक लँड वगळून उरलेल्या कार्डांपैकी पन्नासएक दुसऱ्या खुणेत असतील, तर डेक घ्यावा. पहिली बेरीज कमी पण दुसरी संख्या भरपूर असेल तरीही मी घ्यावा म्हणेन. उलट असेल, म्हणजे हवी असलेली कार्डं चार-पाच आणि बाकी सगळी तिसऱ्या खुणेत, तर सिंगल्स घ्यावेत.

इथे तुमच्या सिंगल्सवाल्या मित्राचा मुद्दा येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. ज्याला नेमका कोणता डेक बांधायचा ते पक्कं ठाऊक आहे, ज्याच्याकडे जुन्या कार्डांचा साठा आहे, त्याला प्रीकॉनमधली निम्मी कार्डं अडगळ वाटतात. त्याच्यासाठी सिंगल्स स्वस्तच. पण तुम्ही त्या टप्प्यावर नाही. शंभर कार्डं सुटी जमवायला किती वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवावी लागतात, याचा अंदाज तुमच्या मित्राला कदाचित राहिला नसेल, कारण त्याने तो साठा हळूहळू केला. एकेक किरकोळ कार्ड मागवताना टपालखर्च कार्डापेक्षा जास्त होतो. बेरजेत ज्यांना काही किंमत नाही ती साधी, स्वस्त कार्डंच प्रीकॉनमध्ये खरं काम करत असतात. ग्रेव्हयार्डचा डेक एखाद्या महागड्या राक्षसावर चालत नाही. वरची चार कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये टाकणारं एखादं सर्रास मिळणारं ‘कॉमन’ कार्ड, मेलेला प्राणी हातात परत आणणारं दुसरं, आणि हे सगळं योग्य वेळी जमावं म्हणून कार्ड ओढू देणारं तिसरं, अशा जोडणीवर तो चालतो. ही जोडणी कुणीतरी आधीच करून ठेवली आहे. नवख्या माणसाला ती स्वतः करायला जमेल, पण खेळून शिकल्यावर.

जोडणी चांगली आहे की नाही हे तुम्ही यादीवरूनच बरंचसं ओळखू शकता. लँड मोजा. शंभर कार्डांत छत्तीस ते अडतीसच्या आसपास असाव्यात. मॅना वाढवणारी दहाएक कार्डं, कार्ड ओढू देणारी दहाएक, आणि समोरच्याचा धोका दूर करणारी आठ-दहा दिसतात का ते पाहा. मग लँडकडे जरा जवळून बघा, कारण प्रीकॉनची काटकसर तिथे उघडी पडते. तीन रंगांच्या मॅनावर चालणाऱ्या डेकमध्ये टॅप होऊन, म्हणजे आडव्या, येणाऱ्या लँडची भरती असते; अशी लँड आली त्या पाळीत मॅना देत नाही. तिसऱ्या पाळीला हातात तीन मॅनाचं नेमकं हवं ते कार्ड आहे, लँडही खाली ठेवलीत, पण ती आडवीच आली. कार्ड हातातच राहिलं. असं एका डावात दोनदा झालं की तुम्ही सगळ्यांच्या एक-एक पाऊल मागे पडता आणि दोष डेकच्या कल्पनेला देता. अशा लँड पंधराहून जास्त असतील तर सुधारणेसाठी थोडे पैसे बाजूला धरूनच खरेदीचा विचार करा. दोन रंगांच्या डेकमध्ये हा त्रास बराच कमी असतो. तुमचा दुसरा डेक दोन रंगांचा आहे, ही त्याची जमेची बाजू तुमच्या शीटमध्ये कुठेच आली नव्हती.

आणखी एक पाहा. बऱ्याच प्रीकॉनमध्ये दोन कल्पना एकत्र कोंबलेल्या असतात. मुख्य कमांडरला एक गोष्ट हवी असते, खोक्यातल्या दुसऱ्या कमांडरला वेगळी, आणि कार्डं दोघांत वाटली जातात. अशा डेकमध्ये हातात आलेली कार्डं एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्या खुणेची संख्या तिथे आपोआप कमी भरेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे देण्याआधी दोन्ही डेक खेळून पाहा. यासाठी खोका लागत नाही. यादी छापा, नावं आणि मजकूर कापून जुन्या कार्डांवर ठेवा, स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, सरकवा, झालं. मित्रांना आधी सांगा की ही प्रॉक्सी, म्हणजे खऱ्याऐवजी वापरलेली कार्डं, आहेत आणि फक्त डेक घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहेत. घरच्या टेबलावर बहुतेक गट याला आनंदाने हो म्हणतात. अधिकृत स्पर्धेत मात्र असे कागद चालत नाहीत. प्रत्येक डेक दोन-तीन डाव खेळा आणि डाव संपल्यावर स्वतःला एवढंच विचारा : लगेच आणखी एक डाव खेळावासा वाटतोय का? हरलात की जिंकलात याला इथे महत्त्व देऊ नका, चौघांच्या डावात तिघे हरतातच.

मित्रांचे डेक किती तगडे आहेत, यावरही डेकचं मोल ठरतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कमांडरच्या डेकसाठी पाच पातळ्यांची ‘ब्रॅकेट’ पद्धत मांडली गेली, तेव्हा साधारण प्रीकॉन दुसऱ्या पातळीवर ठेवला होता. तुमचे मित्र त्याच्या बरेच वर, झटपट कॉम्बो (डाव जिंकून देणारी कार्डांची जोडणी) लावून डाव संपवणारे डेक खेळत असतील, तर कोणताही प्रीकॉन तुम्हाला हताश करेल. तसं असेल तर दोष खरेदीचा नसेल. त्यांच्याशी आधीच बोला : महिन्यातून एक बैठक फक्त प्रीकॉनची ठेवता येईल का? ज्यांच्याकडे दोन-दोन, तीन-तीन डेक आहेत त्यांना यात काही अवघड नसतं, आणि पूर्वी मागे टाकलेले त्यांचे जुने प्रीकॉनही त्या निमित्ताने बाहेर येतात.

दुसरे खेळ खेळणारे वाचकही अशीच पत्रं पाठवतात, त्यांच्यासाठी थोडं. बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड वेगळं, ही कमांडरच्या शंभर कार्डांची अट आहे, म्हणून इथे एक खोका पुरतो. यू-गी-ओमध्ये एका कार्डाच्या तीन प्रती चालतात आणि डेक चाळीस ते साठ कार्डांचा असतो. महत्त्वाचं कार्ड स्ट्रक्चर डेकमध्ये (तिथल्या तयार डेकमध्ये) एकच असेल तर तोच खोका तीनदा घेणं ही तिथली जुनी रीत आहे. तिथे किंमत ठरवताना तीन खोक्यांची धरा. पोकेमॉनमध्ये साठ कार्डं आणि एका नावाच्या चार प्रती, पण स्टँडर्ड प्रकारात जुनी कार्डं ठरावीक काळाने बाद होतात. कार्डाच्या तळाशी छापलेलं नियमनाचं अक्षर पाहा आणि ते आणखी किती काळ चालेल ते विचारून घ्या. मॅजिकच्या स्टँडर्डसाठी २०१८ पासून आलेल्या चॅलेंजर डेकचंही तेच होतं : खेळायला तयार, पण रोटेशन (जुनी कार्डं बाद होणं) आलं की त्यातला बराच भाग त्या प्रकारातून बाहेर. बाद होणाऱ्या कार्डांचा भाव बेरजेत धरताना हात आखडता घ्यावा. कमांडरमध्ये रोटेशन नाही, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट. एखाद्या कार्डावर बंदी आली नाही तर आज घेतलेला डेक पाच वर्षांनीही तसाच खेळता येईल.

तर माझा सल्ला : दुसरा डेक, एकच खोका, आणि प्रॉक्सीवर खेळून झाल्यावर. खेळताना मन पहिल्याकडे वळलं तर बिनदिक्कत पहिला घ्या, पण तो आवडला म्हणून. पहिल्या डेकमधली जी दोन महागडी कार्डं तुम्हाला खरोखर हवी आहेत ती नंतर भाव उतरल्यावर सुटी घेता येतील.

डेक आला की खोका फोडून यादीशी शंभर कार्डं ताडून पाहा, एखादं कमी असेल तर लगेच दुकानात कळवा. स्लीव्ह घाला आणि चार-पाच डाव काहीही न बदलता खेळा. पहिल्या हरण्यानंतर वीस कार्डं बदलायचा मोह होईल. बदलू नका, कारण कोणतं कार्ड कशासाठी आहे हे अजून कळलेलं नसतं. डावात जे कार्ड हातात नुसतं अडकून राहिलं, त्याच्या नावाची वहीत नोंद ठेवा. तीन डावांत तेच नाव आलं तर ते जाऊ द्या.

मग कपाटातला तो जुना डेक काढा. तो विकू नका, त्याचे फार पैसे येणार नाहीत हे आपण पाहिलंच. त्यातली ‘आर्केन सिग्नेट’ आणि ‘कमांड टॉवर’ कोणत्याही डेकमध्ये चालतात, आणि रंग जुळत असतील तर लँड, कार्ड ओढून देणारी कार्डं, धोका दूर करणारी कार्डंही नव्या डेकला उपयोगी पडतील. नव्याने पैसे घालायचे ते त्यानंतर, एका वेळी पाच-सहा कार्डांपुरते, आणि त्यातही आधी टॅप होऊन येणाऱ्या लँड बदला. कमांडरला सगळ्यात शेवटी हात लावा.